सासरचे तीन कॉम्प्युटर

कॉम्प्युटर अडला की तो बंद करून पुन्हा चालू करणाऱ्या माणसाचा आमच्या ऑफिसातल्या मॅडमना मनापासून राग यायचा. "पोट्टं रडून राह्यलं म्हणून त्याले थापड मारली, तं ते गप बसते. पर त्याचं पोट कायले दुखत होतं हे समजलं काय रे बाबू?" असं त्या विचारायच्या. मग चष्मा कपाळावर चढवून, पदर कमरेला खोचून सरळ टेबलाखाली शिरायच्या. वय पंचावन्नच्या घरात, उंच सडसडीत बांधा, सुती साडी आणि तिच्यावर तपकिरी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. हा स्वेटर मे महिन्यातही अंगावर असायचा. बाहेर यवतमाळचं ऊन डांबर वितळवत असायचं आणि ह्या बाई स्वेटर घालून वावरायच्या. नव्या माणसाला ते वेड वाटायचं. खरं कारण एवढंच, की सर्व्हरच्या खोलीत एसी होता आणि मॅडमनी आपलं टेबल तिथंच नेऊन ठेवलं होतं. दुसऱ्या कोणाला तिथं बसायचं नव्हतं आणि त्यांना दुसरीकडे बसायचं नव्हतं.

आमचं ऑफिस यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होतं. गावाचं नाव सांगत नाही. धरणात बुडालेल्या गावांचं रेकॉर्ड आमच्याकडे असायचं. कोणाचं घर गेलं, कोणाचं शेत गेलं, त्यांच्या वारसांना नोकरीसाठी धरणग्रस्ताचा दाखला द्यायचा, असं काम. मॅडम तिथं वरिष्ठ लिपिक होत्या. मी कंत्राटी ऑपरेटर. एकतीस वर्षांचा, लग्न झालेला, स्पर्धा परीक्षांत दोनदा थोडक्यात हुकलेला. दर अकरा महिन्यांनी माझा करार संपायचा आणि साहेबांच्या सहीनं पुढं सुरू व्हायचा. त्या एका सहीवर माझं घर उभं होतं.

ऑफिसात नवे कॉम्प्युटर होतेच, पण तीन फार जुने होते. बुडीत गावांच्या जुन्या याद्या उघडणारा प्रोग्रॅम फक्त त्या तिघांवर चालायचा. कागदाच्या मूळ वह्या उधळीनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ल्या होत्या, त्यामुळे त्या तिघांना काढताही येत नव्हतं. मॅडमनी त्यांना नावं ठेवली होती. सगळ्यात हळू चालणारा, एका प्रश्नाला पाच मिनिटांनी उत्तर देणारा, तो मामाजी, म्हणजे सासरा. सतत कुरकुर आवाज करणारा, ती सासूबाई. आणि तिसरा, कधी बरोबर वागायचा तर कधी मुद्दाम अडवायचा, ती नणंद.

"माहं लगन नाही झालं," त्या म्हणायच्या, "पर सासर पाह्य कसं भरलेलं हाय."

हसायच्या. आम्हीही हसायचो.

लग्न का झालं नाही, हे मला फार उशिरा कळलं. मोठा भाऊ नोकरीनिमित्त बाहेर, वडील लवकर गेलेले. आईला म्हातारपणी विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग चूल, मग घरातली माणसं. शेवटची तीन वर्षं तिनं मॅडमना ओळखलं नाही. मॅडम तिला भरवायच्या आणि ती विचारायची, "तू कोणाची गं पोरगी?" हे मॅडमनी मला एकदाच सांगितलं, आंबाडीची भाजी माझ्या डब्यात वाढता वाढता. वर म्हणाल्या, "मराले मी भेत नाही. असं व्हाले भेतो."

त्यांचं शिक्षण बीए. कॉम्प्युटरचं म्हणाल तर सरकारी नोकरीला लागतो तेवढा एक कोर्स. पण नोकरीच्या सुरुवातीची नऊ वर्षं त्या ऑफिसच्या टेलिफोन बोर्डावर होत्या. कोणाचा कोणता नंबर हे त्यांना पाठ असायचं. त्यामुळे नव्या इंजिनिअरांना जे जमलं नाही, ते त्यांनी केलं.

झालं असं. वरच्या ऑफिसनं नवा सर्व्हर बसवला आणि सगळ्या याद्या त्यावर टाकल्या. नव्या कॉम्प्युटरांना तो लगेच सापडला. मामाजी, सासूबाई आणि नणंद मात्र एकच सांगत राहिले, सर्व्हर सापडत नाही. इंजिनिअर दोन दिवस खपला. वायरी बदलल्या, पेट्या उघडल्या, तिघांनाही किमान पन्नास वेळा बंद-चालू केलं. मॅडम दारात उभ्या राहून ते पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्यानं राहवलं नाही.

"नंबरानं हाक मारून पाह्यली काय?"

"म्हणजे?" इंजिनिअर म्हणाला.

"अवो, नेटवर्कवर प्रत्येकाले नंबर असते नं? घर नंबर असते तसा. आपण नावानं हाक मारतो, अन् मधी कोनी तरी सांगते का ह्या नावाचा नंबर हा. नंबरानं हाक मारा. ओ देल्ली तं सर्व्हर जिता हाय, फक्त नाव हरवलं हाय. नाही देल्ली तं मंग वायर पाहा."

इंजिनिअरनं नंबर टाकला. सर्व्हरनं पहिल्याच हाकेला ओ दिली. नव्या सर्व्हरची नावं सांगणारी व्यवस्था नव्या कॉम्प्युटरांशी बोलायची. जुन्यांची बोली तिला कळत नव्हती. आणि याद्यांचा जुना प्रोग्रॅम नाव सोडून नंबर घ्यायला तयार नव्हता. इंजिनिअरनं हात वर केले, "हे काढूनच टाका आता," म्हणाला आणि नागपूरच्या गाडीनं निघून गेला. मॅडमनी आठ दिवस कुठून कुठून विचारून शोधून काढलं, की प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक साधी फाइल असते आणि तिच्यात आपण हातानं एक ओळ लिहून ठेवली, की अमुक नावाचा अमुक नंबर, तर तो दुसऱ्या कोणाला विचारत नाही. त्यांनी तिघांच्याही पोटात ती ओळ लिहिली. मामाजींनी पाच मिनिटं घेतली आणि यादी उघडली. मॅडम टाळ्या वाजवत खोलीबाहेर आल्या. शिपायापासून सगळ्यांना स्वतःच्या हातचे मुरमुरे-फुटाणे मिळाले.

तेव्हापासून साहेब त्यांच्यावर जरा नाराज असायचे. इंजिनिअरला न जमलेलं लिपिकाला जमलं, हे वर कळवताना त्यांना अडचण झाली असावी.

लोकांशी बोलायची त्यांची एक तऱ्हा होती. पुनर्वसन झालेल्या वस्त्यांना आमच्याकडे नंबर होते. कोणी येऊन "मी पुनर्वसन चारचा" म्हणाला की मॅडम पेन खाली ठेवायच्या. "नंबर नोको सांगू बाप्पा. गाव कोनतं? बुडालेलं." मग तो माणूस गावाचं नाव सांगायचा. कुणाकुणाचा आवाज ते नाव घेताना बदलायचा. मॅडम पुढं विचारायच्या, "देवळाजवळचे का नदीकडचे?" रांग वाढत जायची, साहेब केबिनमधून घंटी वाजवायचे, मॅडमना ती ऐकू यायची नाही. पण नाव चुकलं असं त्यांच्या हातून निघालेल्या एकाही दाखल्यावर मी पाहिलं नाही.

आता जे सांगायचं आहे, ते माझ्याबद्दल आहे. पण ते सांगितल्याशिवाय मॅडमचं काहीच सांगितल्यासारखं होणार नाही.

मॅडम पुतणीच्या लग्नासाठी आठ दिवस महागावला गेल्या होत्या. त्या आठवड्यात वरच्या ऑफिसातून फोन आला. जुन्या मशीनमध्ये कोणीतरी हातानं नोंद केली आहे, हे सुरक्षेच्या नियमात बसत नाही, काढून टाका. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम रजेवर आहेत तोवर करून टाका. त्या आल्या की वाद घालतील."

"पण मग याद्या उघडणार नाहीत, साहेब."

"जुन्या याद्या नव्या प्रोग्रॅममध्ये येणार आहेत. वरून कळवलंय." मग त्यांनी टेबलावरचा एक कागद सरळ केला. माझ्या कराराचा होता. सही व्हायची होती. ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

इंजिनिअरनं एक लहानसा प्रोग्रॅम पाठवला होता. तो दर पंधरा मिनिटांनी त्या फाइलमधल्या हातानं लिहिलेल्या ओळी पुसून टाकायचा, गुपचूप, काही न दाखवता. तिन्ही कॉम्प्युटरवर तो बसवायला मला वीस मिनिटं लागली.

सोमवारी मॅडम आल्या. लग्नाचे लाडू आणले होते. दहा-साडेदहाला मामाजीसमोर बसल्या आणि अकराला मला हाक मारली.

"बाबू, हे ओळ कुठी गेली रे? तू हात लावलता काय?"

"नाही, मॅडम."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. हेच मला सहन होत नाही. माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "मंग अपडेट-गिपडेटनं गेली असंल," म्हणून त्यांनी ओळ पुन्हा लिहिली. यादी उघडली. त्या चहा प्यायला गेल्या. परत आल्या तर सर्व्हर सापडत नाही. फाइल उघडली, ओळ नाही.

"म्या लिवली होती नं रे आता?"

मी मान डोलावली की नाही, मला आठवत नाही.

मंगळवारी त्या सकाळी साडेनऊलाच येऊन बसल्या होत्या. ओळ लिहायच्या, सेव्ह करायच्या, वहीत वेळ टिपायच्या, आणि थोड्या वेळानं ओळ नसायची. त्यांनी वायर तपासली, नंबरानं हाक मारून पाहिली. सर्व्हर ओ देत होता. जे जे त्यांना येत होतं ते सगळं त्यांनी ओळीनं केलं, एकही पायरी चुकवली नाही, आणि प्रत्येक पायरीला उत्तर बरोबरच आलं. चूक कुठंच नव्हती. म्हणून मग ती त्यांना स्वतःत दिसायला लागली. आपण सेव्ह केलं, असं वाटतं पण करतच नाही की काय, असं त्या मला विचारू लागल्या. "तू पाह्य रे, माह्या मागं उभा राहून पाह्य. म्या बटन दाबलं का नाही?"

मी मागे उभा राहिलो. "दाबलं, मॅडम," म्हणालो. ओळ पंधरा मिनिटांनी गेली.

त्याच दिवशी दुपारी एक मुलगी आली. वनरक्षकाच्या भरतीत निवड झालेली. शेवटची संधी, पुढच्या वेळी वय उलटणार. दुसऱ्याच्या हातून निघालेल्या तिच्या दाखल्यावर आजोबांच्या नावात एका अक्षराची चूक होती, आणि जुन्या यादीतून ते नाव तपासून दिलं नाही तर दाखला धरणार नव्हते. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत कागद यवतमाळला पोचायला हवा होता. बाप पुनर्वसनाच्या वस्तीत शिलाई करायचा. मॅडमनी गाव विचारलं, आजोबांचं नाव विचारलं आणि म्हणाल्या, "अवो, नदीकडचे. पिंपळाखाली घर होतं तुमचं. ये तू गुरुवारी. मी काढून ठेवतो."

बुधवार तसाच गेला. मॅडम डबा न खाता घरी गेल्या.

गुरुवारी ती मुलगी सकाळपासून बाकावर बसून होती. जुना प्रोग्रॅम यादीच्या प्रत्येक पानासाठी सर्व्हरला नव्यानं हाक मारायचा. मामाजी हळू. त्या गावाचं पान यायला वीस-बावीस मिनिटं लागायची आणि पंधराव्या मिनिटाला ओळ पुसली जायची. अर्ध्यात तुटायचं. मॅडम पुन्हा लिहायच्या. पुन्हा अर्ध्यात. त्यांनी सासूबाई लावून पाहिली, नणंद लावून पाहिली; त्याही पंधरा मिनिटांच्या आत पानापर्यंत पोचेनात. साडीचा पदर घामानं भिजला होता, त्या थंड खोलीत, स्वेटरसकट. एकदा त्यांनी ओळ लिहिली आणि बोट तसंच पडद्यावर ठेवून बसून राहिल्या, ओळ जाताना दिसावी म्हणून. पण ती पडद्यावर दिसेनाशी होत नव्हती, आतून जात होती. फाइल बंद करून उघडली तर नाही.

साहेब साडेतीनला मीटिंगसाठी निघून गेले. केबिन रिकामी. माझ्या करारावर आदल्या दिवशीच सही झाली होती. मला अडवणारं कोणीही नव्हतं. मामाजीसमोर जाऊन दोन बटनं दाबून तो पुसणारा प्रोग्रॅम थांबवला असता तर वीस मिनिटांत नाव निघालं असतं. यवतमाळला पोचायला तासभर पुरे होता.

मी उठलो नाही. कारण उठलो असतो तर सोमवारचं "नाही, मॅडम" खोटं होतं, हे उघड झालं असतं. एवढंच कारण. दुसरं कोणतंही, थोडं बरं दिसणारं कारण मी इतक्या वर्षांत शोधून पाहिलं आहे. सापडत नाही.

सव्वाचारला मॅडम खोलीबाहेर आल्या. मुलगी उभी राहिली.

"माह्याच्यानं नाही झालं बाई," मॅडम म्हणाल्या. "माहं डोकं काम नाही करून राह्यलं. लिवतो मी, अन् लिवलंच नाही असं होते."

मुलीचे डोळे भरले होते, पण ती म्हणाली, "राहू द्या मॅडम. तुमी लय केलं." वाकून पाया पडली आणि गेली. मॅडम त्या बाकावर बसल्या. मी पाणी आणून दिलं. पेला हातात धरून त्या म्हणाल्या, "आईचं बी असंच सुरू झालतं. ते म्हने, भाजीत मीठ टाकलं, अन् टाकलेलंच नसे."

पुढच्या महिन्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. डॉक्टरला दाखवा, असं सगळ्यांनी सांगितलं. मीही सांगितलं, ते ओठांवर कसं आलं देव जाणे. "पाह्यलं म्या आईचं. तपासून काय होते?" एवढंच म्हणाल्या. जाताना नंबरांची आणि रोजच्या नोंदींची ती वही मला दिली. "माह्यावर आता कोनं भरोसा ठेवावा? तू सांभाळ." जुने तिन्ही कॉम्प्युटर वर्षाच्या आत भंगारात गेले. याद्या नव्या प्रोग्रॅममध्ये आल्या खऱ्या, निम्म्या नावांच्या वेलांट्या उडालेल्या.

माझा करार आणखी दोनदा वाढला आणि मग एक दिवस वाढला नाही. आता घाटंजीला माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी असते. भरतीचे फॉर्म भरायला पोरी येतात तेव्हा मी मान वर करत नाही.

त्यांच्या निवृत्तीनंतर चार वर्षांनी, मागच्या हिवाळ्यात, मी मॅडमकडे गेलो. भाऊ निवृत्त होऊन बाभुळगावला घर बांधून राहिला होता, त्या त्याच्याकडे होत्या. दार त्यांनीच उघडलं. "ये रे बाबू," म्हणाल्या, आणि माझ्या बायकोचं नाव घेऊन विचारलं, कशी आहे. मुलाचं नाव घेऊन विचारलं, कितवीला गेला. वही सांभाळली का, ते विचारलं. भिंतीवर, दारावर, कपाटावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. औषध घेतलं का. नळ बंद केला का. आज वार कोणता. स्वयंपाकघराच्या दाराशी मोठी चिठ्ठी होती, गॅसला हात लावू नये. चहा वहिनींनी केला.

तासभर बोललो. त्या एकदाही काही विसरल्या नाहीत.

मग मी सांगितलं. फोन, साहेब, तो प्रोग्रॅम, दर पंधरा मिनिटं, सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही. मॅडम ऐकत होत्या.

"म्हंजे मी लिवत होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"दरवेळी लिवत होती?"

"दरवेळी, मॅडम."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. "चार वरसं मी सोता चहा नाही मांडला रे. भाऊजय म्हनते, मांडा, काही नाही होत. मी म्हनो, नोको, घर पेटंल."

मी पायांवर डोकं ठेवायला खाली वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"मले कायले सांगून राह्यला? त्या पोट्टीले सांगतलं काय?"

नाही, असं मी मानेनंच सांगितलं.

"तिले सांग आधी. तिची नोकरी गेली. माहं तं वय झालंच होतं." मग त्या उठून आत गेल्या आणि मी असेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

वही माझ्याकडे होती; तिच्यात त्या मंगळवारच्या पानावर मुलीचं पूर्ण नाव, बापाचं नाव आणि बुडालेल्या गावाचं नाव लिहिलेलं होतं. वस्ती शोधायला वेळ लागला नाही. बाप ओसरीवर मशीन चालवत होता. मी जुन्या ऑफिसातून आलो म्हटल्यावर त्यानं पाय थांबवला आणि खुर्ची पुढं केली.

"पोट्टी नाही जी इथं. तिचं लगन झालं, तिकडं आदिलाबादच्या अंगानं. दोन लेकरं हायत. जवाई कपाशी वेचाले नेते तिले, अन् सोता बी जाते."

"त्या नोकरीचं..." मी सुरुवात केली.

"ते जाऊ द्या साहेब. नशीब असते." त्यानं हातातली कात्री खाली ठेवली. "त्या दिवशी घरी येऊन लय रडली. मी म्हनलं, नोकरीसाठी कायले रडतं, दुसरी पाहू. तं म्हनते, नोकरीसाठी नाही बाबा, त्या मॅडमसाठी रडून राह्यली. त्याह्यची तब्येत खराब झाली म्हनत होती. कशा हायत आता त्या?"

"बऱ्या आहेत," मी म्हणालो.

"बरं झालं बाप्पा. तुमची भेट होत असंल तं सांगजा त्याह्यले, आमच्या मनात काही नाही. पोट्टीनं बी सांगाले लावलं होतं, पर आमचं जाणंच नाही झालं."

आतून चहा आला. मी तो प्यायलो. तो शिलाईचं सांगत होता, आता सगळे रेडिमेड घेतात, फक्त शाळेचे गणवेश येतात. मी हो हो म्हणत होतो. जे सांगायला गेलो होतो ते कप खाली ठेवीपर्यंत तोंडात होतं. मग मी उठलो, "सांगतो त्यांना," म्हणालो, आणि गाडीला किक मारली.

ह्याला दोन महिने होऊन गेले. बाभुळगाव माझ्या दुकानापासून फार लांब नाही. पण गेलो, तर मॅडम दार उघडल्या उघडल्या पहिला प्रश्न कोणता विचारतील, ते मला माहीत आहे.